सीएमटी की सोनोग्राफी?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात पावसाळा म्हणजे चिखल आणि कासदाहाची (गायीच्या कासेला येणाऱ्या सुजेची) धास्ती. लपलेला कासदाह पकडायला सीएमटी, म्हणजे दुधाची कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, हीच बरी. पॅडलच्या 4 वाट्यांत चारही सडांचं दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, गोल फिरवा. जेलीसारखं घट्ट झालं की दुधात पांढऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे कासदाहाची खूण. खर्च किरकोळ. सोनोग्राफीला पेशी मोजता येत नाहीत. पण धार बारीक झाली, सडात गाठ लागली, तर तीच हवी. डॉक्टर कोमट पाण्याच्या पेल्यात सड बुडवून बाहेरून प्रोब टेकवतात. काळसर दिसणाऱ्या दुधात आतली गाठ उजळ उमटते. गाय लाथ न मारता उभी राहिली तर! जंतू कुठला, हे दोन्ही सांगत नाहीत; त्यासाठी दूध प्रयोगशाळेतच धाडावं लागतं.