पांढरं व्हिनेगर (५ टक्के): किटलीसाठी उत्तम, संगमरवरासाठी घातक

व्हिनेगर घेताना लेबलवरचा एक आकडा वाचायचा असतो, आम्लतेचा. बाकी मजकूर नंतर वाचला तरी चालतो. हे परीक्षण ५ टक्के आम्लतेच्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरचं आहे: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल, उरलेलं जवळजवळ सगळं पाणी, सामू (pH) २.४ च्या आसपास. ४ टक्क्यांची बाटली दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यात आम्ल एक पंचमांशाने कमी असतं. खाली दिलेली मापं तिला लावली तर काम अर्धवट राहील, आणि भाज्या टिकवायच्या असतील तर धोकाही होईल.

या बाटलीचं सर्वांत चोख काम म्हणजे जड पाण्याचा पांढरा थर काढणं. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. आम्ल त्याच्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि मागे उरतं ते कॅल्शियम ॲसिटेट, जे पाण्यात सहज विरघळून वाहून जातं. हिशेबाने एक लिटर व्हिनेगर सुमारे ४० ग्रॅम थर विरघळवू शकतं. किटलीसाठी निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घ्यावं, थर पूर्ण बुडेल इतकं. उकळी येताच बंद करून अर्धा तास तसंच ठेवावं, ओतून द्यावं आणि मग साधं पाणी दोनदा उकळून फेकावं. पुष्कळजण एका ठिकाणी चुकतात: बुडबुडे थांबले म्हणजे थर संपला असं धरून चालतात. बऱ्याचदा संपलेलं असतं आम्ल. थर दिसत असेल तर तेच पाणी पुन्हा उकळण्यात अर्थ नाही, ताजं मिश्रण घ्यावं.

शॉवरची जाळी प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून, ती वर रबराने बांधून तासभर बुडवावी आणि जुन्या दातघासणीने घासावी. रात्रभर ठेवू नये. मुलामा दिलेला धातू जास्त वेळ आम्लात राहिला तर डागाळतो, आणि मुलाम्याला चीर असेल तर खालचं पितळही खाल्लं जातं. सायट्रिक आम्लाला उग्र वास नसतो म्हणून काहीजण ते पसंत करतात. ते चांगलंच आहे, पण गरम पाण्यात त्यापासून न विरघळणारं कॅल्शियम सायट्रेट बनून साका राहू शकतो. गरम कामाला व्हिनेगर, गार कामाला सायट्रिक, ही वाटणी आमच्या मते योग्य. कॉफीचं यंत्र, वाफेची इस्त्री, धुलाईयंत्र यांत मात्र आधी माहितीपुस्तिका पाहावी. आतली रबरी सील वारंवारच्या आम्लाने फुगतात किंवा कडक होतात.

जे थराला लागू, तेच संगमरवराला. मोती, संगमरवर, अंड्याचं कवच आणि किटलीतलं किटण या सगळ्यांचा मूळ पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. क्लिओपात्राने मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून प्याल्याची कथा रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. रसायनशास्त्र तिच्या बाजूने आहे, फक्त अखंड मोत्याला जेवणाची एक बैठक पुरणार नाही. पण चकचकीत संगमरवराची झिलई घालवायला काही मिनिटं पुरतात आणि तो डाग पुसून जात नाही, दगड पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो. चुनखडीचा दगड आणि फरश्यांच्या सांध्यांतलं सिमेंट यांनाही व्हिनेगर लावू नये.

आता लोकप्रिय जोडीबद्दल: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. फेस पाहून सफाई होत असल्यासारखं वाटतं, पण १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड लहान चमचा सोडा पडला की दोघे एकमेकांना संपवतात. उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. त्यात थर काढणारं आम्लही नाही आणि चिकटा सैल करणारा अल्कही नाही. सोडा घासायला वापरावा, धुऊन टाकावा, मग हवं तर व्हिनेगर घ्यावं. तेलकट ओशटपणावर व्हिनेगर मुळातच कमजोर आहे. तिथे साबणच हवा. दोन्ही एकत्र केले तर साबण फाटतो आणि तेलकट पांढरा साका बसतो.

एका गोष्टीत तडजोड नाही. व्हिनेगर आणि क्लोरीनयुक्त ब्लीच कधीही, अगदी थोडंसुद्धा, एकत्र करू नये. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना इजा करतो. एकामागोमाग एक वापरतानाही मध्ये भरपूर पाण्याने धुवावं. हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर एका बाटलीत भरून ठेवणंही टाळावं, त्यातून डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबणारं परॲसेटिक आम्ल तयार होतं. जंतुनाशक म्हणून या बाटलीला आम्ही पसंती देणार नाही. काही जीवाणू मरतात, पण आजारी माणसाच्या खोलीत किंवा कच्चं मांस कापलेल्या फळीवर तेवढ्यावर विसंबू नये.

स्वयंपाकघरात ती पुन्हा गुणाची ठरते. आम्लात भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सहज सुटत नाही, म्हणून बटाट्याच्या फोडी उकळताना लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घातलं तर कडा शाबूत राहतात. याच कारणाने कडधान्य पूर्ण शिजण्याआधी व्हिनेगर घालणं ही चूक. मग कितीही उकळा, दाणा टणकच राहतो. लाल कोबी आणि लाल कांदा व्हिनेगरने गुलाबी खुलतात. हिरव्या भाज्या मात्र काळपट पडतात, कारण हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. अशा भाज्यांवर ते अगदी वाढताना शिंपडावं.

बाटलीबंद भाज्या टिकवताना सामू ४.६ च्या खाली राहिलाच पाहिजे, नाहीतर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू वाढू शकतात. म्हणून ५ टक्क्यांचंच व्हिनेगर घ्यावं आणि पाककृतीत सांगितल्यापेक्षा जास्त पाणी घालू नये. फार आंबट वाटलं तर साखर वाढवावी, आम्ल कमी करू नये. लसूण निळा-हिरवा झाला तर घाबरू नये, ती त्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांची क्रिया आहे आणि निरुपद्रवी आहे.

चवीसाठी मात्र ही बाटली आमची पहिली पसंती नाही. ती फक्त आंबट आहे. द्राक्ष, सफरचंद किंवा माल्टच्या व्हिनेगरचा गंध तिच्यात नाही. व्हिनेगरचे जीवाणू हवेतला प्राणवायू घेऊन मद्यार्काचं आम्ल करतात. फ्रान्समधल्या ओर्लियाँच्या जुन्या पद्धतीत पिंपात निवांत पडलेल्या वाईनवर हे काम काही आठवडे, कधी महिनेही चाले. १८२३ मध्ये शूत्झेनबाखने लाकडाच्या छिलक्यांवरून द्रव ठिबकवून तेच काही दिवसांत आणलं. पाश्चरने १८६० च्या दशकात यामागे सजीव आहेत हे दाखवलं. वेग वाढला की आंबटपणा तेवढाच मिळतो, गंध मुरायला वेळ मिळत नाही. रोमन सैनिक व्हिनेगर पाण्यात मिसळून 'पोस्का' म्हणून पीत. रोज नुसतं व्हिनेगर पिण्याचा सल्ला मात्र मानू नये. दातांचं एनॅमल झिजतं, आणि ते पुन्हा येत नाही.

वैद्यकात याच आम्लाला मानाची जागा आहे. ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल गर्भाशयमुखावर लावलं की सुमारे मिनिटभरात संशयास्पद भाग पांढरा दिसतो आणि महागड्या यंत्राशिवाय प्राथमिक तपासणी होते. अर्थात हे प्रशिक्षित हातांचं काम, घरी करून पाहण्याचं नव्हे.

साठवण सोपी: काचेची बाटली, घट्ट झाकण, उन्हापासून दूर. वर्षानुवर्षं टिकतं. तांब्या-पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ओतून ठेवू नये. प्राचीन ग्रीक लोक शिशाचे तुकडे भांड्यात व्हिनेगरच्या वर ठेवून, नुसत्या वाफेने खाल्लेल्या शिशापासून पांढरा रंग बनवत. झाकण सैल राहिलं तर कपाटातल्या लोखंडी सुऱ्या आणि डब्यांवर गंज चढतो तो याच वाफेने.