कोल्हापूरच्या राजारामपुरीतली अभ्यासिका, सीट नंबर २७ : सात महिने बसून झालेलं मत

महिन्याला ९०० रुपये, फिक्स सीट, लॉकरच्या किल्लीचं ५०० डिपॉझिट. एसी हॉल पाहिजे असेल तर १४००, पण त्या हॉलमधे एसी १८ वर ठेवायचा की २४ वर यावरून रोज महाभारत असतं असं ऐकलं म्हणून मी पंख्याच्याच हॉलमधे बसले. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मालक काका माणूस चांगला आहे. तसंही राजारामपुरीत आता गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात, त्यामुळे तुम्ही कुठली पण बघायला गेलात तरी काय तपासायचं ते यातून कळेल.

आधीच सांगते, मी कुठल्या परीक्षेला बसलेली नाही. वय ३४, घरी वर्षाची मुलगी, काम फ्रीलान्स लिखाणाचं. म्हणजे इंग्रजीतनं मराठीत भाषांतर, कंपन्यांच्या वेबसाइटचा मजकूर, कधीतरी एखाद्या माहितीपटाचं निवेदन, आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या कथा (उरलेला वेळ हा शब्द टाइप करताना मलाच हसू आलं). हे काम मी सात वर्षं घरातनंच केलं. आमचं घर शिवाजी पेठेत, घरी सासू-सासरे, नवरा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शिफ्टला. लॅपटॉप उघडला की पहिल्या दहा मिनिटांत सासूबाई, "घरातच हाईस न्हवं, मग सिलिंडरवाला आला तर घे की जरा." मग सिलिंडर, मग शेजारच्यांचं कुरिअर, मग कुणाचं तरी लाइट बिल ऑनलाइन भरून दे. सासूबाई वाईट नाहीत हो, पोरीला त्याच सांभाळतात, पण गाऊनवर बसून टाइप करणारी बाई काम करतीये हे त्यांना काय, मला पण कधीकधी पटायचं नाही. रात्री अकराला सगळे झोपले की खरं काम सुरू आणि दोनला पोरगी उठली की बंद. मार्चमधे एका भाषांतरात "बोअरवेल" च्या जागी मी चक्क "सेरेलॅक" लिहून पाठवलं, क्लायंटनं स्क्रीनशॉट टाकून फक्त प्रश्नचिन्ह पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी जागा शोधायला बाहेर पडले.

आता जागेबद्दल. दुसरा मजला, जिना अरुंद, लिफ्ट नाही. हॉलमधे साठेक सीट, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी प्लायवूडचं पार्टिशन, वर एक ट्यूब, खाली प्लग. २७ नंबर खिडकीजवळ आहे म्हणून मी खूष झाले होते, उन्हाळ्यात तीन वाजता कळलं की खिडकी पश्चिमेची आहे. पार्टिशनवर आधीच्या कुणीतरी कर्कटकानं "पीएसआय २०२१" कोरलंय आणि त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात "२०२२", मग "२०२३", त्यापुढे काही नाही. झाला का सुटला देव जाणे. रोज लॅपटॉप उघडला की आधी ते दिसतं. बाकी सगळी पोरं-पोरी राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडनं आलेली, कॉट बेसिसवर राहणारी. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात बोर्डिंगं उभी केली, दसरा चौकाच्या आसपास ती अजून दिसतात, तेव्हा खेड्यातनं येऊन कोल्हापुरात पुस्तकात डोकं घालून बसणं ही आपल्याकडची जुनीच रीत. त्यांच्यात मी एकटीच लग्न झालेली. पहिल्या आठवड्यात एकजण मला बघून उठून उभाच राहिला, त्याला वाटलं कोण मॅडम तपासणीला आल्यात.

शांतता मात्र जबरदस्त. इतकी की चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी, "ताई कृपया टाइपिंग हळू करणे." मला काय कळेना, मी बोलत नाही, फोन सायलेंट, मग लक्षात आलं की इथे बाकी सगळे पेननं लिहितात, अख्ख्या हॉलमधे खडखड करणारी मीच. दुसरी चिठ्ठी आली तिच्यात "कृपया" नव्हतं. मग मी लक्ष्मीपुरीतनं १५० रुपयांचं सिलिकॉनचं कव्हर आणून कीबोर्डवर टाकलं, त्यानं आवाज निम्म्यावर आला आणि चुका दुप्पट झाल्या, पण आता सवय झाली. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी हे विचारून घ्या, काही अभ्यासिकांत लॅपटॉपवाल्यांना वेगळ्या खोलीत बसवतात, इथे तशी सोय नाही.

फोन आला की जिन्याच्या मधल्या टप्प्यावर जायचं. तिथे चहाचे कप, हेल्मेटं आणि स्पर्धा परीक्षेचं अख्खं राजकारण. मी तिथे उभी राहून क्लायंटशी "सर शब्दाला ८० पैशाच्या खाली नाही जमणार" असं बोलते आणि मागची पोरं कान टवकारून ऐकतात. एकानं विचारलंच, "ताई, एक शब्द ८० पैसे, म्हणजे 'आणि' ला पण ८०?" होय बाबा, "आणि" ला पण. तेव्हापासनं तो भेटला की "आज किती आणि?" विचारतो.

या जागेचा खरा फायदा त्या जिन्यावरच झाला. शेजारी सीट २६ ला सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करणारी पोरगी बसते. माझी एक पार्टी, नाव नको, काम घेऊन तीन-तीन महिने पैसे द्यायची नाही, मागितले की "अकाउंट्सला सांगितलंय." हे मी जिन्यावर रडगाणं गात होते तर ही म्हणाली, "ताई तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन का केलं नाही?" मला वाटलं ते, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, कारखानेवाल्यांचं असतं. तर नाही, सेवा देणाऱ्यालाही करता येतं, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतं. आणि २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लहान, मध्यम उद्योगांच्या) कायद्यात असं आहे की सूक्ष्म किंवा लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला लागतात. वर इन्कम टॅक्सचा पण नियम आलाय, मुदतीत दिले नाहीत तर समोरच्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. त्या पोरीनं माझ्या मोबाइलवर अर्ध्या तासात रजिस्ट्रेशन करून दिलं, मी बिलाच्या खाली उद्यम नंबर टाकायला लागले, भांडण नाही काही नाही, आणि त्याच पार्टीनं पुढचं बिल पाच आठवड्यांत दिलं. टीडीएसचे, म्हणजे क्लायंट बिलातनं आधीच टॅक्स म्हणून कापतो ते १० टक्के परत मिळतात ते रिटर्न भरल्यावरच, हे मला माहीत होतं, पण दर तिमाहीनंतर २६एएस (आपल्या नावावर जमा टॅक्सचा सरकारी उतारा) उघडून ते खरंच जमा झालेत का ते बघायचं असतं हे सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तर ९०० रुपयांत हे पण आलं असं धरा.

उलट्या बाजूनं माझा पण उपयोग होतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आधी गोल काळे करायची सवय असलेल्या पोरांना आता पानंच्या पानं लिहायची आहेत. सातला हॉल रिकामा व्हायला लागला की दोघं-तिघं वही घेऊन येतात, ताई हे २५० शब्दांत कसं बसवू. मी एवढंच सांगते की पहिली चार वाक्यं खोडून टाक, उत्तर पाचव्यापासनं सुरू होतंय. (माझी चार वाक्यं कोण खोडणार हा प्रश्न वेगळा.)

घरी काय फरक पडला ते सांगायलाच पाहिजे. सात वर्षं बिलं केली, आयटीआर भरले, पोरीच्या बारशाचा हॉल माझ्या पैशातनं झाला, तरी मी "घरातच असते." ९०० रुपये भरून खुर्ची घेतली आणि पंधरा दिवसांत सासूबाई कोपऱ्यावरच्या काकूंना सांगत होत्या, "सून हापिसला जाती, राजारामपुरीत." आता डबा तयार असतो. सकाळी साडेनऊला गाडी काढली, मिरजकर तिकटी, उमा टॉकीज करत पोचले की सिलिंडर हा विषय माझा राहत नाही. काम तेच, लॅपटॉप तोच, पैसे पण साधारण तेवढेच. याचा मला आनंद पण होतो आणि राग पण येतो, त्यातलं जास्त काय ते अजून ठरलं नाही.

आणि त्याची किंमत पण मोजली. ऑगस्टमधे एका गुरुवारी मी वॉटर प्युरिफायरवरचा १२०० शब्दांचा मजकूर करत होते, फोन सायलेंट. दुपारी बघितलं तर सासूबाईंचे सहा मिस कॉल आणि एक व्हिडिओ, पोरगी दिवाणाला धरून उभी, मग दिवाण सोडला, चार पावलं, आणि धपकन खाली. मागनं सासऱ्यांचा आवाज, "आई कुठंय, आई?" मी जिन्यात उभी राहून तो व्हिडिओ आवाज बंद करून सात-आठ वेळा बघितला, वर येऊन फिल्टरच्या पडद्यांबद्दल उरलेले ४०० शब्द लिहिले. घरी असते तर बघायला मिळालं असतं का? कदाचित तेव्हा पण मी सिलिंडरवाल्याला सुटे देत असते.

एक गोष्ट इथे होत नाही म्हणजे नाही, कथा. पोटापाण्याचं लिखाण धडाधड होतं, समोर "पीएसआय २०२१" असताना टंगळमंगळ करायची लाज वाटते. पण सात महिन्यांत कथेची एक ओळ २७ नंबरवर आली नाही, सगळे इतके घामाघूम होऊन काहीतरी मिळवायला बसलेत की त्यात मनातल्या बाईला काय वाटलं हे लिहायला चोरी केल्यासारखं होतं. जी कथा जुलैत दिवाळी अंकाला पाठवली ती रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर वहीत लिहिली, संध्यामठाकडं तोंड करून. पुण्याच्या संपादकांनी घेतली, पण माझ्या नायिकेचं "मी येतो" सगळीकडे "मी येते" करून पाठवलं. आता कोल्हापुरातली बाई "येतो"च म्हणणार की. दोन फोन झाले, जिन्यावरनंच, मागच्या पोरांनी माझ्या बाजूनं माना डोलवल्या, आणि ते "येतो" परत बसलं. मानधन १५०० आहे, कधी येईल ते विचारायचं नसतं, तिथे उद्यम नंबर टाकायचा माझा धीर झाला नाही.

आता तक्रारी. इन्व्हर्टर आहे असं सांगतात, पण तो फक्त ट्यूब आणि पंख्याला, प्लगला नाही. पावसाळ्यात लाइट रोज जायची आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी पाऊण तासाची. बाकीच्यांना फरक पडत नाही, पुस्तकाला चार्जिंग लागत नाही. माझ्या सीटचा प्लग तर ढिला आहे, चार्जरखाली जुनी वही लावून ठेवायला लागते, काकांना तीनदा सांगितलं, ते तीनदा "उद्या वायरमन येतोय" म्हणाले. बायकांचं स्वच्छतागृह एकच, पाण्याचा पत्ता दुपारी चारनंतर नाही. वायफाय १०० एमबीपीएस लिहिलंय, सकाळी आठला असेल बहुतेक. जुलैत पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की सगळं हॉल फोनवर राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघत बसतं, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि गावाकडच्या पोरांचे रस्ते त्याच्या आधीच बंद व्हायला लागतात. त्या आठवड्यात काकांनी हॉल रात्रभर उघडा ठेवला, अडकलेल्यांना तिथेच झोपू दिलं, पैसे घेतले नाहीत. म्हणून म्हटलं माणूस चांगला आहे, वायरमन सोडून.

परवडतं का? कॅफेत बसलं तर दोन कॉफ्यांत तीन दिवसांचं भाडं जातं. माझ्या महिन्याचा काही भरवसा नसतो, एखादा ४० हजारांचा, पुढचा ९ हजारांचा, त्यामुळे मी चांगल्या महिन्यात तीन महिन्यांचे एकदम भरून टाकते, काका २०० कमी घेतात, बोर्डवर लिहिलेलं नाही पण विचारा.

पाचपैकी साडेतीन. परीक्षेवाल्यांनी डोळे झाकून घ्या. लिहिणाऱ्यांनी कव्हर आणि पॉवरबँक घेऊन या, आणि कथा घरी ठेवून या. मी दिवाळीनंतरचे पैसे भरलेत. २६ वाली फायनलच्या तयारीला घरी जाणार आहे, तिच्या सीटचा प्लग घट्ट आहे, काकांकडे नाव लावून ठेवलंय, कुणी मधे घुसू नका.