फिनलंडच्या शाळेत दहा महिने: एक्स्चेंज विद्यार्थिनीचा वापरानंतरचा अनुभव

दहावीचा निकाल लागल्यावर अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज न भरता मी ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याहून फिनलंडमधील ताम्पेरे या शहरी गेले आणि तेथील एका लुकिओत, म्हणजे नववीनंतरच्या तीन वर्षांच्या उच्च माध्यमिक शाळेत, जून २०२४च्या आरंभापर्यंत शिकले. निघण्यापूर्वी या शाळांविषयी मी जे वाचले होते, त्यातील बरेचसे चार-आठ दिवस शाळा पाहून आलेल्या मोठ्या माणसांनी लिहिलेले होते, आणि ‘तिकडे परीक्षा नाहीत, गृहपाठ नाही, ताण नाही’ हे त्याचे पालुपद होते. दुकानात हाताळलेली वस्तू आणि घरी आणून दहा महिने वापरलेली वस्तू यांत जेवढा फरक पडतो, तेवढा येथेही पडतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम परीक्षांविषयी, कारण तेथेच माझी सर्वांत मोठी फसगत झाली. नववीपर्यंत देशव्यापी परीक्षा नाही हे खरे आहे. परंतु एक्स्चेंजचा विद्यार्थी जातो तो बहुधा लुकिओत, आणि लुकिओचे वर्ष सहसा पाच भागांत विभागलेले असते. एका भागाला याक्सो म्हणतात. सुमारे सात आठवड्यांचा याक्सो संपत आला की परीक्षेचा आठवडा येतो, त्या आठवड्यात दिवसाला एक विषय असतो, आणि एकेक पेपर तीन-तीन तास चालू शकतो. थोडक्यात, वर्षातून पाच वेळा परीक्षा. गुण ४ ते १० या श्रेणीत मिळतात. ४ म्हणजे नापास. पहिल्या याक्सोत मला जीवशास्त्रात ५ मिळाले. ‘पाच? दहापैकी ना? मग निम्मे आहेत की,’ असे आईने फोनवर माझे सांत्वन केले, आणि ५ हा उत्तीर्णांमधला सर्वांत खालचा आकडा आहे हे मी तिला तेव्हा सांगितले नाही.

पेपर संगणकावर द्यावा लागतो. ज्या यिलिओप्पिलास परीक्षेने लुकिओ संपतो, ती १८५२ पासून चालत आलेली असून २०१९ पासून पूर्णपणे संगणकावर होते, आणि तिचा सराव व्हावा म्हणून शाळेच्या परीक्षाही अबित्ती नावाच्या प्रणालीवर घेतल्या जातात. माझ्या वेळी आपला लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागे. मग त्यावर प्रश्नपत्रिका आणि ठरावीक साधने यांच्यापलीकडे काही उघडत नसे. इतिहास किंवा इंग्रजी यांचे ठीक होते, पण गणिताची समीकरणेही टंकावी लागतात. ज्या हाताने दहावीपर्यंत पुरवण्या जोडून पेपर लिहिले, त्या हाताला अपूर्णांकाचा छेद नेमका कोणत्या चौकटीत टाकायचा हे शोधण्यातच वीस मिनिटे लागली, आणि शेवटचे सहा गुणांचे उदाहरण कच्च्या कागदावर सुटलेले असूनही पडद्यावर चढले नाही. जाणाऱ्याने ही सवय घरूनच लावून न्यावी.

प्रश्नांचा प्रकार मात्र मला आवडला. इतिहासाच्या पेपरात दोन उतारे आणि एक जुने भित्तिपत्रक देऊन, यांपैकी कशावर किती विश्वास ठेवावा आणि का, असे विचारले होते. कारणे लिहा, टिपा लिहा, फरक स्पष्ट करा, या साच्यात मुरलेल्या मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मात्र उत्तर लिहिताना वेळ कसा गेला ते समजले नाही.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हे लिहायला घेतले, ती. या शाळेत सर्व काही खुले असते आणि काहीही आपल्यापर्यंत चालत येत नाही. विल्मा नावाच्या ऑनलाइन प्रणालीत वेळापत्रक, हजेरी, गुण, शिक्षकांचे निरोप असे सारे असते. तासाला पाच मिनिटे उशीर झाला तरी त्याची नोंद होते आणि ती पालकही पाहू शकतात. पुढच्या याक्सोचे विषयही तेथेच ठरावीक तारखेपर्यंत निवडायचे असतात. ती तारीख मी चुकवली. वर्गात कोणी सांगितले नाही, सूचनाफलकावर लाल अक्षरांत काही लागले नाही, कोणी वर्गात येऊन ‘कोणाचे राहिले आहे?’ असे विचारले नाही. विल्मात निरोप आला होता, तो फिनिशमध्ये होता, मी तो उघडला नव्हता, आणि शाळेच्या दृष्टीने विषय तेथे संपला होता. मला उरलेसुरले विषय मिळाले. अभ्यासमार्गदर्शक बाईंना (त्यांना सगळे ओपो म्हणतात) मी रडवेल्या आवाजात हे सांगितले, तेव्हा त्या आश्चर्याने म्हणाल्या की माझे दार रोज उघडे असते, तू आली का नाहीस? दार उघडे होते हे खरेच होते. मी रोज त्यावरून जात होते आणि बोलावण्याची वाट पाहत होते.

हे एकदा कळले की शाळेतील इतर गोष्टींचा अर्थ लागू लागतो. मार्गिकेत खुंट्यांवर शेकडो जाकिटे लटकत असतात, त्यांवर ना कुलूप ना राखण. शिक्षकांना नावाने हाक मारतात. आडनाव नाही, ‘सर’ नाही, ‘मॅडम’ नाही. माझी जीभ वळेना, म्हणून पहिला महिनाभर मी गणिताच्या शिक्षकांना काहीच न म्हणता नुसती त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहत असे. एकदा तोंडातून ‘सर’ निघून गेलेच. पुढच्या बाकावरची दोन मुले खाली मान घालून हसली, शिक्षकही हसले. तरीही शेवटपर्यंत मी ते नाव घेताना आवाज थोडा खाली आणत असे. पंचाहत्तर मिनिटांच्या तासात ते एकदाही कोणाला उभे करून प्रश्न विचारत नसत. ज्याला अडले त्याने हात वर करावा, ज्याला वहीत चित्रे काढायची आहेत त्याने ती काढावी, याक्सोच्या शेवटी काय ते कळेल, असा एकंदर व्यवहार होता. आपल्याकडील ओरडणाऱ्या शिक्षकांची आठवण मला कधी येईल असे वाटले नव्हते, ऑक्टोबरमध्ये आली.

शाळेतील जेवण हा या अनुभवातील निर्विवाद चांगला भाग आहे. फिनलंडमध्ये १९४८ पासून शाळेत सर्व मुलांना दुपारचे गरम जेवण मोफत मिळते आणि लुकिओही त्यात येतो. माझ्या शाळेत जेवणाची वेळ पावणेअकराची होती, जी आपल्याकडे पोह्यांची वेळ झाली. ताट स्वतः वाढून घ्यायचे, उकडलेले बटाटे, एक मुख्य पदार्थ, कोबी-गाजराची कोशिंबिरीसारखी कच्ची भाजी, राय नावाच्या धान्याची कडक कुरकुरीत चपटी भाकरी, लोणी आणि पेलाभर दूध. जेवून झाल्यावर उष्टे खरवडून ताट स्वतःच जागेवर लावायचे. शाकाहारी पदार्थ रोज वेगळ्या काउंटरवर असे. गुरुवारी बऱ्याचदा वाटाण्याचे घट्ट सूप आणि त्यानंतर पॅनकेक असतो, आणि महिन्यातून एखाद्या दिवशी पालकाची छोटी हिरवी धिरडी. होय, धिरडीच; फक्त त्यांवर चटणीऐवजी लिंगोनबेरीचा आंबटगोड मुरंबा घालतात. पहिल्यांदा ती पाहिल्यावर मी खिशातून आईने दिलेली लसणीच्या चटणीची पुडी काढली, तेव्हा शेजारच्या मुलीने काही न बोलता आपले ताट माझ्याकडे सरकवले. त्या शाळेत पहिल्यांदा कोणी आपणहून माझ्या जवळ आले ते असे, सप्टेंबरच्या अखेरीस. तिला ती फारच तिखट लागली, पण पुढच्या धिरड्यांच्या दिवशी तिने पुन्हा मागितली.

भाषेबाबत जाण्याआधीच्या बैठकीत आम्हाला सांगितले गेले होते की तेथे सर्वांना इंग्रजी येते, अडचण पडणार नाही. हे अर्धेच खरे आहे. मुलांचे इंग्रजी माझ्यापेक्षा चांगले होते. परंतु तास फिनिशमध्ये, पुस्तके फिनिशमध्ये, आणि मधल्या सुट्टीतील विनोद तर त्याहून फिनिशमध्ये. मराठी माणसाला येथे एक छुपा फायदा आहे, जो मला कोणी सांगितला नव्हता. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती आहेत हे ऐकून जर्मनीहून आलेला मुलगा हबकला होता. पण ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून, यात आपल्याला नवे ते काय? प्रत्यय शब्दाला चिकटतो एवढेच नव्हे, तर चिकटताना शब्दाचे रूपही बदलते: रस्ता म्हणजे ‘कातू’, पण रस्त्यावर म्हणायचे तर ‘कादुल्ला’. शाळेत जे सामान्यरूप रटाळ वाटले होते, ते परदेशात असे कामी आले. ह्रस्वदीर्घाच्या चुकांना मात्र तेथे क्षमा नाही, कारण ‘तुली’ म्हणजे आग, ‘तूली’ म्हणजे वारा आणि ‘तुल्ली’ म्हणजे जकात. शिवाय पुस्तकात ‘मिनॅ ओलेन’ शिकून बाहेर पडावे तर ट्राममध्ये सारे ‘मॅ ओन’ म्हणताना ऐकू येतात; ‘मी आहे’ असे दोन्हीचा अर्थ, पण एक छापील आणि एक तोंडचे. मार्चपर्यंत मला इतिहासाचा निम्मा तास कळू लागला. निम्म्याहून जास्त कळते असे मी कधी म्हणणार नाही.

हिवाळ्याविषयी सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. थंडीचा त्रास कपड्यांनी सुटतो; मी जाड जाकीट किर्पुतोरीत, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, पंचवीस युरोंना घेतले आणि ते उत्तम चालले. त्या जानेवारीत उत्तर फिनलंडमध्ये पारा उणे ४४च्या खाली गेला होता, आणि ताम्पेरेतही नाकातले केस गोठत, तरीही सुट्टी संपल्यावर शाळा ठरल्या वेळी भरली. अंधाराचा त्रास मात्र कपड्यांनी सुटत नाही. डिसेंबरमध्ये तेथे दिवस पाच तासांहून थोडाच मोठा असतो. हेर्वान्ता या उपनगरातून ट्रामने निघताना रात्र, शाळा सुटताना संध्याकाळ, आणि जो काही उजेड असेल तो खिडकीबाहेर पडून जाई. जाकिटाला लटकवायचा परावर्तक होस्ट आईने, म्हणजे जिच्या घरी मी राहत होते तिने, पहिल्याच आठवड्यात दिला होता. तो शोभेचा नाही, अंधारात चालताना तो वापरावा असे तेथील वाहतुकीचा कायदाच सांगतो.

माझे वर्ष बदलले ते नोव्हेंबरात, आणि तेही नाचामुळे. फेब्रुवारीच्या मध्यात तिसऱ्या वर्षाची मुले अंतिम परीक्षेच्या तयारीसाठी शाळा सोडतात. त्या दिवशी ती रंगवलेले फलक लावलेल्या उघड्या ट्रकांतून शहरभर फिरतात आणि रस्त्यावरच्या लोकांवर गोळ्या-चॉकलेटे फेकतात. ती गेल्यावर दुसऱ्या वर्षाची मुले शाळेत सर्वांत मोठी ठरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांचा ‘थोरांचा नाच’ असतो: मुली लांब झग्यांत, मुले कोटात, आणि पोलोनेझसारखी जुनी जोडीने करायची नृत्ये. मी दुसऱ्या वर्षात होते. जोडीदार ज्याने त्याने शोधायचा होता, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत बहुतेकांच्या जोड्या ठरल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे वाट पाहत होते. ओपोचे ते वाक्य आठवून एका रात्री मी जीवशास्त्राच्या वर्गातील, ज्याच्याशी माझे आजवर चार शब्दही झाले नव्हते अशा एका मुलाला निरोप पाठवला की तुला जोडीदार नसेल तर माझ्याबरोबर नाचशील का. पंधरा मिनिटांनी उत्तर आले: ‘योओ.’ म्हणजे ‘हो’. पुढे ना चिन्ह, ना हास्यमुद्रा. मी तो एक शब्द तासभर निरखत बसले, नाइलाजाने म्हणाला की आनंदाने हे काही ठरेना. नंतर तालमीत त्याने सांगितले की त्यालाही कोणाला विचारायचे धाडस होत नव्हते. त्यानंतर मी विचारत सुटले: गटात घ्याल का, शेजारी बसू का, सौनाला येऊ का. नकार दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा कारण खरे होते.

त्यामुळे ज्याला घरी ‘पुढे काय करायचे ते सांगा, मी करते’ अशी सवय आहे, त्याने पहिले चार महिने अवघड जाणार हे धरूनच जावे. माझे तसेच गेले, आणि ते एकटेपण माहितीपत्रकात कोठेही छापलेले नव्हते. बर्फातील छायाचित्रांसाठी जाणाऱ्याने आठवडाभराची सहल करावी, स्वस्त पडेल. शाळेला शुल्क नव्हते, पण कार्यक्रमाचे शुल्क, विमान आणि विमा यांचा खर्च घरच्यांना जाणवण्याइतका होता. मला स्वतःला हा व्यवहार महाग वाटला नाही. तरी धाकट्या भावाने विचारले तेव्हा मी त्याला आधी विल्माचे एक वर्षाचे निरोप वाचायला सांगितले.

शैक्षणिक वर्षाच्या बाबतीत कोणी भ्रमात राहू नये. लुकिओने मला घेतलेले विषय आणि मिळालेले गुण यांचे सही-शिक्क्याचे पत्रक दिले. शेवटच्या याक्सोत जीवशास्त्रात ८ आहेत. परत आल्यावर साताऱ्यात अकरावीच्या प्रवेशासाठी ते मी फाइलमध्ये सर्वांत वर ठेवले होते. खिडकीतल्या काकांनी ते उलटसुलट करून पाहिले, परत दिले, आणि मधल्या वर्षाचे गॅप सर्टिफिकेट कुठे आहे असे विचारले. ते नव्हते. मग वकिलांकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केले, ज्यात ‘सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही’ असे आधीच छापलेले वाक्य होते. ते खोडून घ्यायला अर्धा तास गेला.