जुन्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) बोटीला ३एस बॅटरी की ६एस?
हलची (बोटीच्या बाहेरच्या सांगाड्याची) डागडुजी झाली, आता मोटर-बॅटरी. ३एस लायपो म्हणजे एकामागोमाग जोडलेले तीन लिथियम-पॉलिमर सेल, ११.१ व्होल्ट. त्यावर २००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे घेणारी) मोटर बिनभाराने मिनिटाला सुमारे २२,००० फेरे घेते. ६एसवर (सहा सेल, २२.२ व्होल्ट) १००० केव्हीची मोटरही तेवढेच घेते. फरक करंटचा. तेवढ्याच पॉवरला ६एसवर करंट निम्मा, म्हणून त्याच वायरीत उष्णता पावपट. ३एसवर फुल थ्रॉटल मारून आलेल्या बोटीचा कनेक्टर धरून बघा, चटका बसतो. कधी सोल्डरच सुटतं.

वजनाचं म्हणाल तर ३एस ५००० आणि ६एस २५०० एमएएच, ऊर्जा सारखीच, म्हणून वजनही साधारण तेवढंच. जुना ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) शाबूत असेल तर ३एस स्वस्तात पडतं. सगळंच नवं घेणार असाल तर मी ६एसच म्हणेन. फक्त जुनी २००० केव्हीची मोटर त्यावर लावू नका, जळेल.