कॅन खरा, ऑइल भलतंच

तीन वर्षं मी ज्या ऑइल फिल्टरचे पैसे भरत होतो, तो माझ्या गाडीला कधी लागलाच नव्हता. हे कळलं तेव्हा मी गाडीखाली उताणा पडलो होतो आणि काळं ऑइल हातावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

गाडी 2016ची वॅगन आर, पेट्रोल. पहिली काही वर्षं ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायची. 2021पासून घराजवळच्या एका गॅरेजला टाकायला लागलो. मेकॅनिक बोलायला गोड. "साहेब, उन्हात कशाला थांबता? तासाभराने या, गाडी पुसून तयार ठेवतो." आणि मी खरंच घरी जायचो. बिलावर दर वर्षी ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, लेबर असं ओळीने लिहिलेलं. ती तिन्ही बिलं मी फाइलला लावून ठेवली होती. व्यवस्थित माणूस ना मी!

2024च्या ऑक्टोबरात ठरवलं, या वेळी ऑइल घरीच बदलायचं. पैसे वाचवायला नव्हे, हौस म्हणून. लोखंडी रॅम्प आणले, मागच्या चाकांना विटा लावल्या (नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, तेवढं भान होतं), पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट सोडला. ऑइल डांबरासारखं काळं. ते एवढं मनावर घेतलं नाही. ऑइलचं कामच मळ धरून ठेवायचं असतं, ते काळं पडायचंच.

फिल्टर मात्र हलेना. हाताने नाही, पट्ट्याच्या पान्याने नाही. शेवटी जुना सँडपेपर गुंडाळून पकड घेतली तेव्हा करकरत सुटला. हातात घेऊन पाहिलं तर पुढची बाजू चकचकीत आणि मागची, जिथे फडका पोचत नाही तिथे, बोटभर चिकट माती. पुसली. खाली छापलेलं दिसलं, जानेवारी 2020. म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने शेवटचा बसवलेला, तोच. 2021, 2022, 2023 या तीन बिलांतले फिल्टर नुसते कागदावर बदलले होते. दर वर्षी डिझेलचा फडका मारून जुनाच उजळवला होता.

मग इतके दिवस गाडी चालली कशी? त्याचीच तर गंमत आहे. फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून फिल्टरच्या आत एक बायपास झडप दिलेली असते. दाब वाढला की ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. गाडी बंद पडत नाही, दिवा लागत नाही, आवाजही येत नाही. बेअरिंगमधून कच फिरत राहते आणि मालक खूश. वस्तू दीडशेच्या आतली हो! एवढ्यासाठी.

मेकॅनिककडे गेलो. "पोराने विसरला असेल, साहेब." तीन वर्षं ओळीने? "पोरं बदलतात ना." यापुढे काय बोलणार. चुलत्याच्या पोराची गाडी पण मीच तिथे लावून दिली होती, तो अजून मला ऐकवतो.

पण ही फसवणूक छोटी होती. मोठी त्याच दिवशी माझ्याच हाताने इंजिनात ओतली.

ऑइलचा कॅन मी आठवडाभर आधी आणून ठेवला होता. नामांकित कंपनीचा, 5W-30, साडेतीन लिटरचा. दुकानदाराने एमआरपीपेक्षा साडेपाचशे रुपये कमी लावले. वर म्हणाला, "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर पडतील." आता एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात हे मला शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. पण साडेपाचशे सुटतायत म्हटल्यावर डोकं गहाण. त्याने एका चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. वर छापलेलं होतं 'एस्टिमेट'. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना बॅच.

नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, हातानेच आवळला, नटाला नवा वायसर घातला, तीन लिटरच्या आसपास ऑइल ओतलं, दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. पातळी बरोबर दोन खुणांच्या मध्ये. कॅनमध्ये अर्धा लिटर उरलं. ते तसंच माळ्यावर ठेवलं, हे मात्र फार बरं केलं.

डिसेंबरात साताऱ्याला मामाकडे निघालो होतो. खंबाटकी चढून उतरलो, आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत उभा होतो. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. अॅक्सिलरेटर दिला की विझायचा, सोडला की पुन्हा. हा दिवा लागला की 'घरापर्यंत तर जाऊ' म्हणायचं नसतं. बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने पट्टी काढली, पातळी जागच्या जागी. म्हणजे ऑइल कमी नव्हतं. ते तापल्यावर पाण्यासारखं पातळ होत होतं, म्हणून इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर दाब टिकत नव्हता. मामेभावाने क्रेन पाठवली. साताऱ्यात त्याच्या ओळखीच्या माणसासमोर उभं राहून ऑइल-फिल्टर पुन्हा बदलून घेतला. दिवा गेला. सकाळी गाडी चालू करताना इंजिनातल्या झडपांच्या टॅपेटचा कटकट आवाज मात्र तेव्हापासून आहे, तो आता माझ्याबरोबरच राहणार.

पुण्यात परत आल्यावर माळ्यावरचं अर्धा लिटर खाली काढलं. साताऱ्याच्या कॅनमधलंही थोडं उरलेलं आणलं होतं. औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या, खुणेला दोरे बांधले आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या. 5W-30 मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा तापल्यावरचा. चांगल्या ऑइलला दोन्ही सांभाळावं लागतं. त्यासाठी त्यात खास घटक घातलेले असतात. नुसतं वापरलेलं ऑइल गाळून, रंग देऊन भरलं तर ते थंडीत घट्ट होतं आणि उष्णतेत पातळ.

सकाळी सहाला आई फ्रीजर उघडून उभी. "काकवी कुठून आणलीस रे? आणि ती मटारात का ठेवलीस?" बाटल्या आडव्या केल्या. साताऱ्याचं ऑइल हळूहळू का होईना, सरकलं. दुसऱ्या बाटलीतलं जागचं हललं नाही. आईचंच बरोबर, काकवीच होती.

ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. पण मला पुरली. कॅन घेऊन नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्ट्सच्या दुकानांच्या त्या रांगेत एक म्हातारे काका आहेत, वडील त्यांच्याकडूनच स्कूटरचे पार्ट्स घ्यायचे. त्यांनी झाकणाकडे पाहिलंच नाही, आधी कॅन उलटा केला. बुडाला प्लॅस्टिकमध्येच उठलेला घड्याळासारखा एक गोल छाप होता. मध्ये बाण, दोन्हीकडे वर्षाचे दोन आकडे, कडेला महिने. आकडे 22.

"वर पॅकिंग कधीचं छापलंय?"

वर होतं ऑगस्ट 2024.

"कॅन 22चा, माल 24चा. दोन वर्षं कॅन काय कंपनीत बसून होता?" मग झाकणाखालची कडी दाखवली, एका जागी फेविक्विक लावलेली. वरचा छापील बॅच नंबर थिनरच्या बोळ्याने पुसून पाहिला, शाईसकट निघून आला. कॅन माझ्या हातात देत म्हणाले, "यातलं आतलं सोडून सगळं ओरिजिनल आहे."

असा गोल छाप प्रत्येक कॅनला असतोच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण असला तर वाचावा. आणि ओतण्याआधी वाचावा.

दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याने कॅनला हातही लावला नाही. "हा आमचाच कशावरून?" मी 'एस्टिमेट' पुढे केलं. त्याने ते वाचलं, मागे उलटून पाहिलं, परत दिलं. "यावर आमचं नाव कुठाय?" ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवायला गेलो, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. ज्या कंपनीचा कॅन होता तिच्या कस्टमर केअरने मात्र फोटो मागवून घेतले आणि हा बॅच नंबर त्या मापाच्या कॅनवर आम्ही कधी छापलाच नाही असं लेखी कळवलं. तो मेल माझ्याकडे आहे. पैसे नाहीत.

मग मेकॅनिकची एक सवय आठवली. मी कधी जुना फिल्टर मागितला नाही, त्यानेही कधी दाखवला नाही. पण रिकामा कॅन एकदा मागितला होता, कुंडीला पाणी घालायला. तर म्हणाला, "कॅन आम्ही देत नाही साहेब, ते पोरांचं असतं." तेव्हा हसलो होतो. पोरांना चहापाण्याला पाच-पन्नास मिळत असतील, आपलं काय जातंय.

हल्ली सर्व्हिसिंगला दिली तरी मी गॅरेजातच स्टुलावर बसून राहतो आणि कॅनचं सील माझ्यासमोर फोडायला लावतो. जुना फिल्टर, रिकामा कॅन आणि झाकण पिशवीत घालून घरी आणतो. बायको म्हणते, लग्नात आहेर मोजायला बसल्यासारखा बसतोस. पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर. साडेपाचशेची सूट कुणी देऊ केली की मी आधी कॅन उलटा करतो.

गेल्या रविवारी भंगारवाला दारात आला. रद्दी तोलून झाली, मग त्याची नजर कोपऱ्यातल्या कॅनवर गेली.

"झाकण हाय का त्याचं?"

"आहे. का रे?"

"झाकणासकट असंल तर वीस देतो. नसंल तर किलोवर."

मी कॅन दिला. त्याने तो उचलून उजेडात धरला, फिरवला. ड्रिलने पाडलेली चार भोकं आरपार दिसली. माझ्याकडे एकदा पाहिलं, काही बोलला नाही, आणि कॅन पायाखाली चेपून रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकला.