एक इंची पाइप घरीच वाकवायचाय: बेंडर, स्प्रिंग की वाळू?

नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत ‘एक इंची’ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी निघू शकतात, आणि कोणतं अवजार घ्यायचं ते तिथेच ठरतं. फर्निचरची ट्यूब बाहेरून 25 मिमी. पाण्याचा एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप बाहेरून 33 मिमीच्या वर. बारा टनी हायड्रॉलिक बेंडरसोबतचे साचे या दुसऱ्या मापाचे असतात. त्यात 18 गेजची, म्हणजे पातळ पत्र्याची ट्यूब ठेवली तर बाजूंना आधारच नाही. ती वळण्याआधी चेपते. जाड बी क्लास पाइप रोज वाकवायचा नसेल तर हे धूड घरात आणू नका.

एसीच्या मऊ तांब्याच्या नळीला बाहेरून चढणारी स्प्रिंग पुरते. फ्लेअर करण्याआधी, म्हणजे जोडासाठी नळीचं टोक पसरवण्याआधी, वाकवा. कोनाच्या किंचित पुढे नेऊन मागे आणलं की स्प्रिंग सैल होते, मग पिळत ओढायची. कोन नेमका हवा असेल तर त्याच मापाचा लिव्हर बेंडर घ्या.

कूलरच्या ट्रॉलीचं हँडल, खुर्चीचा हात अशा 25 मिमीच्या कामाला मात्र वाळूच. कन्हान नदीची वाळू बारीक चाळायची आणि कढईत भाजायची. मे महिन्याचं ऊन पुरेल असं वाटतं, पण पाइप तापवायचा असेल तर आत राहिलेल्या ओलीची वाफ होऊन बूच गोळीसारखं उडतं. एका टोकाला लाकडी बूच, मग थोडी थोडी वाळू, आणि लाकडी हातोडीने बाजूंवर ठोकत राहायचं. पातळी खाली जाणं थांबलं की दुसरं बूच घट्ट. भरणीत पोकळी राहिली तर नेमकी तिथेच घडी पडते.

थंड वाकवताना त्रिज्या, पाइपच्या मध्यरेषेपर्यंत, 100 मिमीखाली नेऊ नका. काटकोनाला वळणात 157 मिमी लांबी जाते; ती खडूने आखून घ्या. वेल्डची शिवण वळणाच्या आत किंवा बाहेर नको, बाजूला ठेवा. तिथे ताण सर्वांत कमी. हात सोडला की पाइप थोडा उलगडतो, म्हणून आधी एका तुकड्यावर किती ते बघा. दोन्ही टोकांना वीतभर जास्त पाइप ठेवा, नाहीतर शेवटी धरायला जागा उरत नाही.

त्याहून आवळ वळण हवं असेल तर लालबुंद तापवून, लोखंडी साच्यावर. जीआय पाइप मात्र तापवायचा नाही, जस्ताचा धूर छातीत भरतो.