साठीनंतर मनाचा उपचार: समुपदेशकासमोर की कॉम्प्युटरसमोर?

छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, ईसीजी मात्र नॉर्मल. इथपर्यंत आल्यावर फॅमिली डॉक्टर ‘काळजीचा आजार’ म्हणाले, की कोल्हापुरात माझ्या वयाच्या माणसापुढं दोन वाटा उरतात. राजारामपुरीत, शाहूपुरीत एखादा समुपदेशक गाठायचा किंवा घरात बसून कॉम्प्युटरवरचा धड्यांचा कोर्स करायचा. मी दोन्ही करून बघितलंय. थायरॉईड आणि बी-12 तपासून झालंय असं धरूनच पुढचं लिहितोय.

आतला माल दोन्हीकडं जवळपास सारखाच. 1960 च्या दशकात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी सुरू केलेली पद्धत: मनात आलेला विचार लिहायचा, त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध पुरावे मांडायचे, टाळलेली कामं थोडी थोडी परत हातात घ्यायची. मुलाला कागल एमआयडीसीतून यायला उशीर झाला की माझ्या डोक्यात थेट अपघातच. ‘विरुद्ध पुरावा’ या रकान्यात मी लिहिलं: ओव्हरटाइम असतो, बॅटरी संपते, मागच्या खेपेलाही असंच वाटलं होतं. हे वहीत लिहा नाहीतर टाइप करा, फरक पडत नाही.

समोरासमोर बसण्याची ताकद वेगळी आहे, ती नाकारून चालणार नाही. बायको गेल्यानंतरचं मी पहिल्यांदा बोललो ते समुपदेशक बाईंपुढं. मी विषय बदलला की त्यांच्या लगेच लक्षात यायचं. कोर्सला ते कळत नाही.

पण तिथली एक गोष्ट मला शेवटपर्यंत पचली नाही. मुलगा गाडीवरून सोडायला यायचा, म्हणून आतही यायचा. आणि बाई त्यालाच विचारायच्या, “यांना झोप लागते का? जेवतात का नीट?” मी मधेच बसलेला! उभी हयात बँकेत लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली, आणि इथं माझाच अर्ज दुसरा कुणीतरी भरतोय. एकदा म्हटलं, “मला विचारा की ओ.” हसल्या, माझ्याकडं वळल्या, पाच मिनिटांनी गाडी परत मुलाकडं. बाई स्वभावानं चांगल्या होत्या. नंबर लावणारा, फी भरणारा तो, त्यामुळं तसं होत असावं. पण ‘आपण पोरांवर ओझं झालोय’ हीच माझी मुख्य काळजी, आणि ती पोरासमोर कशी सांगायची? मग मी “बरं चाललंय” म्हणायला लागलो.

कॉम्प्युटर विचारतो ते मलाच. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, असे नऊ प्रश्न, रात्री अकरालासुद्धा. माझी उत्तरं घरात कुणी बघत नाही. वैताग इथंही आहेच. मराठी भाषांतर सरकारी परिपत्रकासारखं, उदाहरणं बॉसची आणि परीक्षेची. झोपमोडीचे गुण धरले जातात, पण रात्री मी प्रोस्टेटमुळं उठतो हे त्याला कोण सांगणार? सुरुवातीला ओटीपी सूनबाईंच्या मोबाईलवर जायचा. तो आधी बदलून घेतला.

म्हाताऱ्यांना हे जमत नाही, असं तरुण मंडळी सांगतात. लक्ष्मीपुरीत भाजीचे पैसे मोबाईलवरून देणाऱ्याला धडा उघडता येतो. ऑस्ट्रेलियात माइंडस्पॉट नावाची सेवा साठीपुढच्यांसाठी वेगळा कोर्सच चालवते. खरी अडचण कोर्स अर्धवट सुटण्याची. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2015 साली आले: उपचारतज्ज्ञाच्या सोबतीशिवाय, नुसत्या तांत्रिक मदतीच्या फोनसह दिलेल्या अशा दोन कार्यक्रमांनी नेहमीच्या डॉक्टरी उपचारात फारशी भर घातली नाही. बऱ्याच जणांनी एक-दोन धड्यांतच सोडून दिलं होतं. त्यात सगळ्या वयाची माणसं होती, म्हणजे सोडून द्यायला म्हातारपण लागत नाही. सोबतीला माणूस असेल तर कोर्स पुरा होण्याची शक्यता वाढते, हे मात्र पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. माझ्या कोर्समध्ये दर आठवड्याला एक मुलगी फोन करायची. “काका, तिसरा धडा राहिलाय,” एवढं ऐकलं तरी मी बसायचो. तो फोन नसता तर मीही सोडला असता, असं वाटतं.

म्हणून माझा कल कॉम्प्युटरकडं, पण फोनवाल्या कोर्सकडं. दुःख ताजं असेल, नजर अधू असेल किंवा विसरायला होत असेल, तर समुपदेशकच बरा. मुलाला तेवढं बाहेर बसवा. जगणं नकोसं वाटत असेल तर या तुलनेत पडूच नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडं जा, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही तो विभाग आहे. 14416 वर टेली-मानस ही सरकारी सेवा 2022 पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

बाकीच्यांनी कोर्सचे पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: दर आठवड्याला फोन कोण करणार, आणि तो कुणाच्या नंबरवर येणार.